घंटागाडी, गृहिणी आणि गावाचा विश्वास

(महाड-पोलादपूर परिसरातील नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय व्याख्यानपीठाला शोभेल असा भारदस्त नाही. एका बाजूला रायगड, दुसऱ्या बाजूला शिवथरघळ, पलीकडे पोलादपूर तालुक्यात नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ. आणि अशा भूमीत बसून बोलायचे ते कचऱ्यावर, हे कुणाला विचित्रही वाटेल. परंतु जो विषय रोज सकाळी प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, त्याला क्षुद्र म्हणता येत नाही. राष्ट्र, समाज, संस्कृती हे शब्द उच्चारणे सोपे असते. त्यांची परीक्षा मात्र अशाच लहान ठिकाणी होते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. कोणत्याही लहान शहरातला, कोणत्याही आळीतला. एखादी गृहिणी शाळेत मुलांनी शिकून आलेले ऐकते, घरात दोन बादल्या ठेवते. भाजीची देठे, चहाचा चोथा, उरलेसुरले अन्न हिरव्या बादलीत. दुधाच्या पिशव्या ती धुते, दोरीवर वाळत घालते आणि निळ्या बादलीत टाकते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, रद्दी, सारे वेगळे. सकाळी घंटा वाजते, ती दोन्ही बादल्या घेऊन लगबगीने खाली उतरते, आणि गाडीवरचा माणूस तिच्या देखत दोन्ही बादल्या एकाच ढिगावर पालथ्या करतो. ती काही बोलत नाही. घरी परतते. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पुन्हा एकच बादली असते.

या घटनेची नोंद कुठल्याही तक्रारवहीत होत नाही. कार्यालयाच्या लेखी त्या दिवशी गाडी आली, कचरा उचलला गेला, काम पूर्ण झाले. पण शासनाने जाहिरातींवर, भित्तिपत्रकांवर आणि शाळांतील स्पर्धांवर केलेला खर्च त्या एका क्षणी वाया गेलेला असतो. नोंदवलेल्या तक्रारीला निदान उत्तर तरी मिळू शकते. न नोंदवलेल्या तक्रारीचे रूपांतर उदासीनतेत होते आणि उदासीनतेवर कुठल्याही मुख्याधिकाऱ्याकडे औषध नसते. म्हणून घराघरांतील या तक्रारी कशा निर्माण होतात आणि त्या कशा सुटू शकतात, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

कायद्याची बाजू

प्रथम अधिकार काय आहे, ते पाहू. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे विषय त्यांच्याकडे सोपवले. महाराष्ट्रात नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. त्यातही स्वच्छता हे नगरपरिषदेच्या आवश्यक कर्तव्यांपैकी एक आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

कचऱ्याचे स्वतंत्र नियम मात्र उशिरा आले. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, न्यायालयाने समिती नेमली आणि त्यातून २००० साली देशभरातील शहरांसाठी पहिले नियम झाले. ८ एप्रिल २०१६ रोजी त्यांची जागा अधिक व्यापक नियमांनी घेतली. ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करावा, स्थानिक संस्थेने तो घरोघर जाऊन वेगवेगळा गोळा करावा, कचरावेचकांच्या संघटनांना या व्यवस्थेत सामावून घ्यावे, कर्मचाऱ्यांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखपट्टी मिळावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. २०२६ च्या नव्या नियमांनी हे वर्गीकरण चार प्रकारांत नेले आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीने हाताळावयाचा. म्हणजे घराकडून असलेली अपेक्षा वाढत चालली आहे. साहजिकच घराची गाडीकडून असलेली अपेक्षाही वाढणार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या नियमांत दोन पक्षांची कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. नागरिकाने वेगळे करून द्यायचे आणि संस्थेने वेगळे उचलायचे. एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याचे कर्तव्य निरर्थक होते. घरातून मिसळलेला कचरा आला तर गाडीतले दोन कप्पे शोभेचे ठरतात. गाडीत कप्पेच नसतील तर घरातल्या दोन बादल्या शोभेच्या ठरतात. निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ या गाठीत आहे.

ठराव आणि अंमल

कागदावरचा अधिकार आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतले अंतर महाडला कुणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी समतावादी माणसे त्या काळी नगरपालिकेत होती. ठराव उत्तम होता, हेतू शुद्ध होता. तरीही तीन वर्षे त्या ठरावाच्या जोरावर कुणी तळ्याच्या पायऱ्या उतरू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह चालत तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्यानंतरही न्यायालयातला वाद मिटायला १९३७ साल उजाडावे लागले.

तो लढा मनुष्यत्वाचा होता. कचऱ्याच्या गाडीशी त्याची तुलना करणे अनुचित ठरेल आणि तसा इथे हेतूही नाही. पण त्या इतिहासातून एक धडा घेण्याचा अधिकार प्रत्येक महाडकराला आहे. सभागृहात हात वर झाले म्हणजे काम झाले, असे होत नाही. ठराव आणि अंमल यांच्यामध्ये एक वाट असते आणि ती वाट नागरिकांनाच चालावी लागते.

दुसरा धडा अधिक खोल आहे. कचरा उचलणारे हात कोणाचे असतात? पिढ्यानपिढ्या समाजाने ज्यांना दूर ठेवले, बहुतेक त्यांच्याच घरांतली माणसे आजही झाडू आणि घमेले हाती घेताना दिसतात. ज्या नगरीत पाण्याला हात लावण्याचा समान अधिकार प्रस्थापित झाला, त्या नगरीत कचऱ्याला हात लावणारा हात अस्पर्श्य राहू नये. तक्रारीचा विचार करताना ही जाणीव सतत मनात असावी.

तक्रारींची मुळे

लहान शहरांतील घरगुती तक्रारी सामान्यतः पाच प्रकारच्या असतात. प्रत्येकीचे कारण वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळा आहे. सगळ्यांवर एकच उतारा लागू पडत नाही.

पहिली तक्रार : गाडी येत नाही, किंवा वेळेवर येत नाही. नोकरदार घरात सकाळी नऊनंतर कुणी नसते. गाडी दहाला आली की बादली तशीच राहते, मग रात्री ती कोपऱ्यावर रिकामी होते. इथे गाड्या वाढवण्याआधी वेळापत्रक निश्चित करणे महत्त्वाचे असते. रोज अनिश्चित वेळी येणाऱ्या गाडीपेक्षा ठरलेल्या वेळी येणारी गाडी अधिक कचरा नेते. सुका कचरा सडत नाही. तो आठवड्यातून ठरावीक दोन दिवस उचलला तरी चालतो. ते दिवस घराघरांत माहीत असले म्हणजे झाले.

दुसरी तक्रार : वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र होतो. यामागे कामगाराचा आळस असतो, असे सर्रास समजले जाते. अनेकदा कारण ठेक्याच्या कागदात दडलेले असते. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील तर त्याचे हित जास्त वजनात आहे, वर्गीकरणात नाही. ओला कचरा, माती, राडारोडा सारे एकत्र भरले की काटा जड होतो. ठेक्यात किती घरांतून वेगळा कचरा उचलला यावर मोबदला आणि मिसळल्यास कपात, अशी अट असली की तीच गाडी आणि तोच माणूस वेगळे वागू लागतात. म्हणून ही तक्रार गाडीवरच्या माणसाशी भांडून सुटत नाही. ती ठेक्याच्या अटींपाशी न्यावी लागते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे; करारनाम्याची प्रत मागितली तर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

तिसरी तक्रार : काही वस्तू घेतच नाहीत. फुटकी काच, थर्माकोल, जुनी गादी, वेफर्सची चकचकीत पाकिटे, संपलेल्या बॅटऱ्या. या ठिकाणी पुनर्वापराचे अर्थशास्त्र समजून घ्यावे लागते. रद्दी, पुठ्ठा, लोखंड, पाण्याच्या बाटल्या यांना भंगारवाला पैसे देतो, कारण पुढे त्यांना गिऱ्हाईक आहे. अनेक थरांच्या पाकिटांना गिऱ्हाईक नाही. ती फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. ज्याला किंमत नाही ते कुणी उचलत नाही आणि मग ते गटारात जाते. त्यासाठीच प्लास्टिक वेष्टने बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकणारी नियमावली फेब्रुवारी २०२२ मध्ये सविस्तर झाली. तिचा लाभ लहान शहरांपर्यंत ओढून आणणे हे नगरसेवकांचे काम आहे. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाची रिकामी पिशवी परत देणाऱ्याला किमान पन्नास पैसे मिळावेत, अशी तरतूद केली होती. आपल्या दूधवाल्याकडून ते पन्नास पैसे किती घरांत परत आले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. इथेही ठराव आणि अंमल यांच्यातले तेच अंतर दिसते.

चौथी तक्रार : कचरा जाळतात. कोकणात भाजावळीची परंपरा आहे. शेतकरी पाऊस पडण्यापूर्वी राब भाजतो, त्यामागे शेतीची रीत आहे. पण पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक, रबर आणि थर्माकोल शहराच्या कोपऱ्यावर पेटवणे ही रीत नव्हे, ते विष आहे. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दमा त्याची साक्ष देतो. जाळण्यास नियमांनी मनाई आहे. पण पाचोळा टाकायला खड्डाच नसेल तर मनाई कागदावर राहते. प्रत्येक प्रभागात पाचोळ्याचा एक खड्डा झाला तर जाळण्याची बहुतेक तक्रार आपोआप मिटते आणि वर्षअखेर परसबागेला खत मिळते.

पाचवी तक्रार : शुल्क कशासाठी? घरपट्टी भरतोच, वर पुन्हा कचऱ्याचे वेगळे पैसे का? हा प्रश्न न्याय्य आहे आणि त्याला उत्तरही न्याय्य हवे. वापरकर्ता शुल्काची तरतूद नियमांत आहे. पण सेवा दिसत नसेल तर शुल्क दंडासारखे वाटते. ज्या नगरपालिकेने शुल्काबरोबर गाडीचे वेळापत्रक, खर्चाचा हिशेब आणि विकलेल्या सुक्या कचऱ्याचे उत्पन्न फलकावर लावले, तिला वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही.

पोलादपूरची अडचण आणखी वेगळी आहे. हे गाव गेल्या दशकात ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाले. ग्रामपंचायतीच्या काळात घरामागचा उकिरडाच सारे पोटात घेई, कारण त्यात जाणारे सारे कुजणारे होते. नगरपंचायत झाली, पुड्यांची दुकाने वाढली आणि उकिरड्याला न पचणारे सारे त्यात येऊन पडू लागले. त्यात हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आणि तिथूनच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरचा रस्ता फुटतो. चहासाठी थांबलेला प्रवासी बाटली आणि पाकीट मागे ठेवून जातो. त्या कचऱ्याला घर नाही, म्हणून त्याची तक्रार करणाराही कुणी नाही. शिवाय गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी घरी येतात, बंद घरे उघडतात, आठवड्यात कचरा कैक पटीने वाढतो. त्या दिवसांसाठी वेगळे नियोजन नसेल तर तक्रारी येणारच. सणाची तारीख पंचांगात असते. ती कुणाला अनपेक्षित नसते.

गाडीवरचा माणूस

आता दुसरी बाजू. कचऱ्याच्या तक्रारींची वही नागरिकांच्या हाती असते. कामगाराच्या तक्रारीची वही कुणी ठेवत नाही. वापरलेल्या ब्लेडने त्याचा अंगठा कापतो. इंजेक्शनची सुई हातमोजाही भेदून जाते. सॅनिटरी पॅड कागदात न गुंडाळता उघडे टाकलेले असतात. आषाढातल्या धो धो पावसात भिजलेला सुका कचरा दुप्पट जड होतो आणि विकताना निम्म्या मोलाचाही राहत नाही. हे सारे आपल्याच घरांतून जाते.

म्हणून घरातून चार गोष्टी पाळल्या जाव्यात. काच आणि ब्लेड जुन्या डब्यात बंद करून, वर खूण करून द्यावे. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वेगळा द्यावा. सुका कचरा कोरडा राहील, असा आडोशाला ठेवावा. आणि गाडीवरच्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, 'अहो दादा' म्हणावे. शेवटची गोष्ट कुठल्याही नियमावलीत नाही, पण तिचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. ज्याला नावाने हाक मारली जाते तो दोन बादल्या सहसा एकत्र करत नाही.

पुण्याचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तिथे १९९३ साली कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचराकुंडीत हात घालून पोट भरणाऱ्या स्त्रिया त्यात संघटित झाल्या. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी झालेल्या करारानंतर त्या दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. सुका कचरा विकून येणारे उत्पन्न त्यांचेच असल्याने वर्गीकरणात त्यांचे स्वतःचे हित असते. महाडसारख्या सुमारे सत्तावीस हजार वस्तीच्या गावात आणि त्याहून लहान पोलादपुरात हाच विचार महिला बचत गटांमार्फत अधिक सोपेपणाने करता येईल. कारण इथे गोळा करणारी आणि देणारी एकमेकींना ओळखतात.

लहान गावांनी करून दाखवलेले

हे सारे मोठ्या शहरांना जमते, आपल्याकडे निधी नाही, असे नेहमी ऐकू येते. वस्तुस्थिती उलट आहे. एक लाखाच्या आतील लोकसंख्येच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाचा पहिला क्रमांक २०२० मध्ये कराडने मिळवला. त्या वर्षी दुसरे सासवड आणि तिसरे लोणावळा होते. २०२१ मध्ये विटा पहिले आले. २०२२ मध्ये पाचगणी. ही सारी महाराष्ट्रातलीच लहान गावे. पाचगणी तर पोलादपूरहून घाट चढून गेले की महाबळेश्वरच्या पलीकडेच आहे. तिथल्या नगरपरिषदेने पूर्वी जिथे कचरा टाकला जाई त्या जागेचे रूप पालटून तिथे 'स्वच्छ भारत पॉइंट' उभा केला.

कोकणातलेच उदाहरण हवे असेल तर वेंगुर्ल्याचे घ्यावे. सिंधुदुर्गातली ही बारा-तेरा हजार वस्तीची नगरपरिषद. पाऊस तोच, दमट हवा तीच, चाकरमानी तेच. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकिर्दीत तिथे घरोघरी काटेकोर वर्गीकरण सुरू झाले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यांसाठी वापर, आणि जुन्या कचराभूमीवर उद्यान. लोक तिकीट काढून जी जागा पाहायला येऊ लागले, ती पूर्वी नाक दाबून ओलांडावी लागत असे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. वेंगुर्ल्याच्या उकिरड्याला बारा वर्षेही थांबावे लागले नाही. याच अधिकाऱ्याने पुढे रायगड जिल्ह्यातील कर्जत नगरपरिषदेतही हे काम केले. म्हणजे जिल्ह्यातही दाखला आहे.

या यशाचे गमक यंत्रांत शोधू नये. वर्गीकरण न केलेला कचरा घेणार नाही, हे तिथे ठामपणे सांगितले गेले. आणि वर्गीकरण केलेला कचरा मिसळणार नाही, हे वागण्यातून दाखवले गेले. दुसरे वाक्य पाळले गेले म्हणून पहिले वाक्य लोकांनी मानले.

तक्रार कशी करावी

तक्रार करणे हीसुद्धा एक नागरी विद्या आहे. 'गाडी कधीच येत नाही' हा संताप झाला. 'अमुक आळीत, अमुक तीन तारखांना, सकाळी साडेआठपर्यंत गाडी आली नाही' ही तक्रार झाली. पहिल्या वाक्याला कार्यालय 'येते की' म्हणून उत्तर देते. दुसऱ्या वाक्याला गाडीची नोंदवही काढून बघावी लागते.

तक्रार लेखी असावी, तिला आवक क्रमांक घ्यावा. प्रथम मुकादम, मग स्वच्छता निरीक्षक, मग मुख्याधिकारी, ही पायरी सोडू नये; पहिल्याच दिवशी मंत्र्याला पत्र लिहिणाऱ्याचे पत्र फिरत फिरत पुन्हा मुकादमाकडेच येते. केंद्र शासनाचे स्वच्छता ॲप आहे, राज्याचे 'आपले सरकार' आहे, त्यांचा उपयोग करावा. छायाचित्र घ्यावे ते जागेचे आणि ढिगाचे. कामगाराचा चेहरा समाजमाध्यमांवर फिरवून त्याची बेअब्रू करू नये.

तक्रार एकट्याची नसावी. आळीतल्या दहा घरांनी मिळून महिनाभर एक साधी वही ठेवावी: तारीख, गाडीची वेळ, ओला-सुका वेगळा घेतला की नाही. महिन्याच्या शेवटी ती वही प्रभागाच्या नगरसेवकासमोर ठेवावी. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाखांवरील शहरांना. लहान गावात तशी समिती नसेल, पण नगरसेवकाचे घर चालत पाच मिनिटांवर असते. मधली काही वर्षे राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या, विचारायचे कुणाला हाच प्रश्न होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. आता विचारण्याला पत्ता आहे.

आणि तक्रार सुटली की तेही लेखी कळवावे. हे फार कमी लोक करतात. कार्यालयात फक्त शिव्याच येत राहिल्या तर तिथला मनुष्य कानाला भोके ठेवत नाही. 'आपण लक्ष घातल्यामुळे आमच्या आळीत गाडी वेळेवर येऊ लागली, आभारी आहोत' हे दोन ओळींचे पत्र पुढच्या दहा तक्रारींची वाट मोकळी करते. कार्यालयानेही एक पथ्य पाळावे. तक्रार 'निकाली' काढण्याचा अधिकार लिपिकाचा नसावा. तक्रारदाराने 'होय, झाले' म्हटल्यावरच ती निकाली समजावी.

सावित्रीचे पाणी

हे सारे का करायचे? केवळ रस्ते चकचकीत दिसावेत म्हणून?

महाडला याचे उत्तर २२ जुलै २०२१ रोजी मिळाले. सावित्री आणि गांधारीचे पाणी शहरात शिरले. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. पाणी ओसरले तेव्हा गाद्या, धान्याची पोती, मुलांची दप्तरे, दुकानातला माल, लग्नातल्या साड्या, सारे चिखलात लडबडून रस्त्यावर आले होते. काल जो संसार होता तो एका रात्रीत कचरा झाला होता. तो उचलण्यासाठी ठाणे, नवी मुंबईसारख्या महानगरांतून सफाई कामगार आले, गावोगावचे स्वयंसेवक आले. परक्या गावचा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून आपले घर साफ करतो आहे, हे दृश्य महाडकर विसरलेला नाही.

महापूर केवळ कचऱ्याने येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महाबळेश्वरच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, नदीपात्रात साचलेला गाळ, भरतीची वेळ, नदीकाठची बांधकामे अशी त्याची अनेक कारणे आहेत. पण आळीतल्या गटाराचे तोंड दुधाच्या पिशवीने आणि वेफर्सच्या पाकिटाने बंद होते, हेही तितकेच खरे. नदीचे पात्र खोल करणे शासनाच्या हाती आहे. गटाराचे तोंड मोकळे ठेवणे उंबऱ्याच्या हाती आहे. जी पिशवी गटारात अडकत नाही ती सावित्रीतून वाहत बाणकोटच्या खाडीत आणि पुढे समुद्रात जाते. जिला आपण माता म्हणतो, जिची ओटी भरतो, तिच्या पदरात हे टाकण्याचा अधिकार कुणाला नाही.

गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा त्यांच्यामागे ना निधी होता, ना ॲप. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात मनाची झाडलोट करायची, एवढेच त्यांचे वेळापत्रक होते. कीर्तन ऐकणाऱ्याला ते प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत. आजच्या विषयाचा शेवटही प्रश्नांनीच व्हावा हे योग्य. आपल्या घरात बादल्या किती आहेत? गाडीवरच्या दादाचे नाव काय? सुक्या कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते? उद्या सकाळी घंटा वाजेल तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या घराला देता येतील, त्या घराची निम्मी तक्रार सुटलेली असेल. उरलेल्या निम्म्यासाठी शेजारच्या नऊ घरांना हाक मारावी आणि एक शंभर पानी वही विकत आणावी.

पावसाला सुरुवात होण्यापूर्वी ती वही उघडली जावी, एवढीच अपेक्षा.